भिंतीवरचे बेचाळीस

धाडच्या शाळेच्या ग्राउंडाला उत्तरेकडून जी भिंत आहे, तिच्यावर ऑइलपेंटनं एका मॅचचे आकडे लिहिलेले आहेत. बाकीच्या शाळांच्या भिंतींवर सुविचार असतात, आमच्याकडे हे. बुलढाणा ८१, अकोला ८०. खाली बुलढाण्याच्या खेळाडूंचे नंबर, गुण आणि फाऊल. नंबर ४, पंधरा गुण. नंबर ७, राजकुमार, बेचाळीस गुण. नंबर ८, बारा गुण, पाच फाऊल, बाहेर. नंबर १०, दहा गुण. सगळ्यात खाली नंबर १३, हरिओम, दोन गुण. दर तीन वर्षांनी उन्हानं रंग उडतो, दर तीन वर्षांनी रवी पेंटर त्याच आकड्यांवरून पुन्हा ब्रश फिरवतो, आणि दर वेळी हातात पिवळा पडलेला कागद घेऊन आकडे तपासायला शिडीखाली उभा राहतो तो शाळेतला बाबू, शालिग्राम. त्याचं नाव भिंतीवर नाही. अक्षर मात्र मूळ कागदावर त्याचंच आहे.

मॅच एकोणीसशे नव्याण्णवची. त्या साली खामगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटला हौस आली आणि त्यानं चार टीमची पगारी बास्केटबॉल लीग काढली. पगारी म्हणजे खेळायचे पैसे मिळणार. कबड्डी जिंकली तर नारळ अन् टॉवेल, असा तो काळ. खेळायला पगार म्हटल्यावर लोक तोंडावर हात ठेवून हसले. लीग एकच वर्ष चालली, पुढल्या वर्षी शेटची हौस फिटली. पण त्या एका वर्षाची फायनल बुलढाण्यात झाली, ती आपण एका गुणानं जिंकली, आणि पगारी मॅचमध्ये आपल्या धाडच्या माणसानं बेचाळीस गुण घेतले. हे गावात शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल.

आता शालिग्रामचं ऐका. तो आणि राजकुमार एका आळीतले, एका वर्गातले. लोहाराकडून सळई वाकवून रिंग करून आणली ती दोघांनी, बाभळीच्या खांबावर ठोकली ती दोघांनी, आणि चेंडू फुटला की पंक्चरवाल्याकडे पळत गेले तेही दोघंच. शालिग्राम वाईट खेळत नव्हता हो. पण राजकुमारच्या हातून चेंडू सुटला की तो रिंगमध्येच जायचा, आणि शालिग्रामच्या हातून सुटला की देवाच्या मर्जीवर जायचा. लीगसाठी जिल्ह्यातून बारा पोरं निवडायची होती. राजकुमारचं नाव पहिलं वाचलं. बारावं नाव वाचलं हरिओमचं, ते पण निव्वळ उंची पाहून, कारण हरिओमला चेंडू धरता येत होता एवढंच. शालिग्राम तेरावा.

निवड करणाऱ्या सरांना त्याची दया आली. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे," ते म्हणाले, "तू टेबलावर बस. स्कोअर लिही." अन् शालिग्राम बसला. गंमत पाहा, हरिओमचा त्याला कधी राग आला नाही. हेवा हा बरोबरीच्याचा वाटतो. हरिओम बिचारा कुठं बरोबरीत होता? शालिग्रामच्या डोळ्यात खुपला तो राजकुमारच, आणि तो जो खुपला तो आजतागायत निघाला नाही.

बास्केटबॉलचा कागद तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. त्यावर एकपासून पुढे आकड्यांची उभी रांग छापलेली असते. बास्केट पडली की पुढच्या आकड्यावर तिरपी रेघ मारायची आणि शेजारच्या चौकोनात कुणी टाकली त्याचा नंबर लिहायचा. एवढंच काम. पण त्या फायनलला हे काम शालिग्रामच्या जिवावर आलं. सात. परत सात. फ्री थ्रो, सात. लांबून तीन गुणांची टाकली, तीही सातानंच. समोर लोक राजकुमारच्या नावानं ओरडून राहिले होते आणि शालिग्राम मान खाली घालून सात लिहीत होता. तेवीस वेळा लिहिला. तेरा साध्या बास्केट, तीन लांबच्या, सात फ्री थ्रो. हिशोब करून पाहा, बेचाळीसच होतात.

सहा सेकंद राहिले तेव्हा अकोल्याचे ऐंशी, आपले एकोणऐंशी. आठ नंबर पाच फाऊल होऊन बाहेर गेला होता, म्हणून हरिओमला आत घेतलेलं. राजकुमारनं चेंडू मारला, तो रिंगला लागून उडाला, खाली पाच-सहा हात एकदम वर गेले. त्यातला एक डावा हात सगळ्यांच्या वर होता, मनगटात काळा दोरा होता, आणि त्याच हाताच्या बोटांनी चेंडू आत ढकलला. तो हात राजकुमारचा होता. टेबल तिथून दहा पावलांवर. शालिग्रामनं तो हात अगदी स्वच्छ पाहिला.

पंचानं दोन बोटं दाखवली, शिट्टी झाली, शालिग्रामच्या शेजारी बसलेला घड्याळवाला उठून ग्राउंडात धावला. टेबलावर एकटा शालिग्राम. त्यानं एक्याऐंशीवर रेघ मारली. चौकोनात पेन टेकवलं. पण चोविसावा सात काही त्याच्या हातून उमटेना. बाजूलाच हरिओम दोन्ही हात वर करून उडत होता. शालिग्रामनं लिहिलं, १३.

कुणी हरकत घेतली नाही. बेरीज तर बरोबरच होती. पंचानं सही ठोकली, कार्बनखालच्या प्रती फाडून दोन्ही टीमला दिल्या, आणि शेट माईकवरून ओरडला की शेवटची बास्केट हरिओमची. हरिओमला स्वतःलाच शंका. तो टेबलापाशी आला अन् म्हणाला, "शाल्या, मीच टाकला काय बे?" शालिग्रामनं कागद पुढे केला. हरिओमनं बोट ठेवून वाचलं. "मंग मीच टाकला असन," तो म्हणाला.

असन म्हणता म्हणता त्याला ते आठवायलाही लागलं. सहा महिन्यांत तो चेंडू कसा उडाला, आपण कसं पाहिलं, उजव्या हातानं कसा ढकलला, हे तो करून दाखवायला लागला. फायनल जिंकवणारा माणूस म्हणून शाळेनं त्याला शिपाई म्हणून घेतलं. फायनल जिंकवणारा माणूस म्हणून त्याचं लग्न जमलं. तोवर कुणी ज्याला ओट्यावर बस म्हटलं नव्हतं, त्याला लोक खुर्ची द्यायला लागले. आणि माणूस खुर्चीला जागला, हे मान्य करावं लागेल. सव्वीस वर्षं झाली, रोज पहाटे साडेपाचला हरिओम ग्राउंडावर असतो आणि गावातल्या पोरापोरींना फुकट शिकवतो.

आणि राजकुमार? त्यानं शाळेसमोर कृषी केंद्र टाकलं. बियाणं, खतं, फवारणीचे पंप. दुकानाबाहेर बाकडं, बाकड्यावर दिवसभर माणसं, आणि माणसांना चहा. पंधरा ऑगस्ट असो, गॅदरिंग असो, दोन शब्द बोलायला राजकुमारच. दर भाषणात एक वाक्य ठरलेलं: "बेचाळीस माझे असतील, पण मॅच जिंकवणारे दोन हरिओमचे." लोक टाळ्या वाजवायचे, हरिओम मान खाली घालायचा.

खरं सांगू का, हे वाक्य म्हणजे शालिग्रामचा फराळ होता. स्टाफच्या खुर्चीत बसून तो मनातल्या मनात म्हणायचा, बोल बाबा, बोल. चव्वेचाळीस होते तुझे. मी दोन खाल्ले अन् तुला पत्ता नाही. त्या झटापटीत आपला हात लागला हे राजकुमारला कळलंच नसणार, असं त्यानं स्वतःशी पक्कं करून टाकलं होतं. राजकुमारनं दुमजली घर बांधलं तेव्हा, त्याला गावानं सोसायटीवर बिनविरोध निवडून दिलं तेव्हा, ज्या ज्या वेळी पोटात कळ उठली त्या त्या वेळी शालिग्रामनं कपाटातला कागद काढून तो १३ पाहिला आणि मग त्याला झोप लागली.

त्याची बायको कौशल्याबाई सगळं ओळखून होती. कागदातलं नाही, पण नवऱ्याचं. राजकुमारनं नवी गाडी घेतली त्या संध्याकाळी शालिग्राम जेवला नाही. तिनं वाटीत ओवा आणून पुढे ठेवला.

"हे काय?" तो म्हणाला.

"पोटात दुखून राह्यलं ना तुमच्या," ती म्हणाली. "गाडी त्यायनं घेतली, ओवा तुमी घ्या."

शालिग्रामची एकच आशा होती, त्याची मुलगी छकुली. सात वर्षांची असताना त्यानं तिला हरिओमच्या हवाली केलं. लोक म्हणाले, बाबूला पोरीच्या खेळाचं केवढं कौतुक. कौतुक होतंच, बाप होता तो, पण त्याखाली दुसरंही काही होतं. त्याला भिंतीवर बेचाळीसच्या वर एक ओळ पाहिजे होती, आणि ती आपल्या घरची पाहिजे होती. पोरगी बापाचे हात घेऊन आली नाही, हे तिचं नशीब. तिच्या हातून सुटलेला चेंडू रिंगमध्येच जायचा. मनगट वळवायची लकब अगदी राजकुमारसारखी आहे, असं हरिओम कौतुकानं म्हणायचा, आणि शालिग्राम विषय बदलायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात नागपूरला पोरींची पगारी लीग झाली. छकुली तिच्यात निवडली गेली. सेमीफायनलच्या दिवशी शालिग्राम घरीच मोबाइल समोर ठेवून बसला आणि सवयीनं वहीत रेघा मारत गेला. मॅच संपली तेव्हा त्यानं बेरीज तीनदा केली. त्रेचाळीस. कौशल्याबाईनं देवापुढे साखर ठेवली. तासाभरात गावाच्या ग्रुपवर फोटो फिरला: छकुलीनं बेचाळीसचा विक्रम मोडला, सव्वीस वर्षांनी.

शालिग्रामनं पायात चपला सरकवल्या आणि तडक कृषी केंद्राकडे निघाला. काम काही नव्हतं. त्याला फक्त राजकुमारचं तोंड पाहायचं होतं. सव्वीस वर्षं ज्या तोंडावर आनंदच पाहिला ते एकदा पडलेलं पाहावं, नुसतं क्षणभर, एवढीच त्याची मागणी होती. जाऊन पाहतो तर दुकानाबाहेर ही गर्दी. राजकुमार हातात जिलेबीचं ताट घेऊन रस्त्यावरच्या माणसांना थांबवून थांबवून वाटत होता. शालिग्राम दिसताच त्यानं ताट बाकड्यावर ठेवलं आणि त्याला मिठीच मारली.

"शाल्या, लेका, पोरीनं मोडला! आपल्या ग्राउंडातल्या पोरीनं मोडला!"

बाकड्यावरचा एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, "मन पाह्यजे बुवा असं. सोताचा रेकॉर्ड मोडला त हा जिलेबी वाटते." दुसऱ्यानं मान डोलावली. छकुलीचं नाव कुणी काढलं नाही, राजकुमारच्या मनाचंच कौतुक चाललं होतं. शालिग्रामच्या हातात जिलेबी तशीच राहिली.

त्या रात्री घरी येऊन त्यानं कपाटातला कागद काढला. पहिल्यांदाच त्याला त्या १३ ची दुसरी बाजू दिसली. राजकुमारचे खरे चव्वेचाळीस. छकुलीचे त्रेचाळीस. म्हणजे पोरीनं विक्रम मोडलाच नाही, आणि हे जगात एकट्या तिच्या बापाला माहीत. गावभर लोक अभिनंदन करत होते आणि हा प्रत्येक हात हातात घेताना मनात एक उणे करत होता. स्वतःच टाकलेला मिठाचा खडा, आणि तो निघाला स्वतःच्याच दुधात.

सत्कार रविवारी ग्राउंडावर ठेवला. मंडप, खुर्च्या, भिंतीला शिडी लावून रवी पेंटर तयार. सत्कार आटोपला की बेचाळीसच्या वर त्रेचाळीस लिहायचे, असं ठरलेलं. छकुली लाजत खुर्चीवर बसली होती. शालिग्रामला बाप म्हणून स्टेजवर खुर्ची होती, आयुष्यातली पहिली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायला पाहिजे होतं. तेवढ्यात राजकुमार बोलायला उठला. त्यानं पिशवीतून सात नंबरची जुनी बनियन काढली, तीच, फायनलची, आणि छकुलीच्या हातात दिली. "हे माह्याजवळ सांभाळायले होतं," तो म्हणाला, "आज ज्याचं त्याले दिलं." बायका डोळे पुसायला लागल्या. छकुली वाकून त्याच्या पाया पडली. टाळ्या थांबेनात. आपल्या पोरीच्या सत्कारात शालिग्राम बसल्या बसल्या जळून खाक झाला.

माणसं पांगली. मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले. भिंतीपाशी रवी पेंटर शिडीवर चढला होता आणि शिडी हलते म्हणून खालून राजकुमारनं ती धरली होती. शालिग्राम कागद घेऊन आला. त्याच्या मनात आता एकच होतं. या माणसाचं तोंड एकदा पडलं पाहिजे. त्यासाठी पोरीचा विक्रम गेला तरी जाऊ दे. चव्वेचाळीस होते अन् तुला सव्वीस वर्षं कळलं नाही, हे ऐकून तरी तो हलेल.

रवीचं लक्ष वर होतं. शालिग्राम जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला, "राजू, शेवटची बास्केट तुझी होती. चव्वेचाळीस होते तुझे."

राजकुमारनं शिडी सोडली नाही. "हाव," तो म्हणाला. "मालूम आहे."

शालिग्रामला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मालूम नसन काय बे?" राजकुमार हसला. "डाव्या हाताचे दोन नखं उलटले होते माहे त्या रिंगवर. आठ दिवस शर्टाच्या गुंड्या लावता नाही आल्या."

"मग तवाच बोलला काऊन नाही?"

"बोलणारच होतो. टेबलाकडेच येऊन राह्यलो होतो. तं हरिओमची माय, रुखमाबाई, गर्दीतून आली अन् तिनं त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं. त्याले जनमात कोनी शाबास म्हटलं नव्हतं. म्हटलं, राहू दे." वर रवीनं ब्रश डब्यात बुडवला. "मले तेव्हाच समजलं, तू हे मुद्दाम केलं. हरिओमसाठी. तू त त्याच्यापायी टीमच्या बाहेर बसला होता, आन तूच त्याले दोन गुण देल्ले. खरं सांगू शाल्या? मले त्या दिवसापासून तुह्या मनाचा हेवा वाटते. मी त नुसता चूप बसलो. लिहिलं तू."

सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं जो चोरीचा फराळ शालिग्राम एकटा खात होता, ती चोरी नव्हतीच. राजकुमारनं ती त्याच दिवशी देऊन टाकली होती. आणि वर याच माणसाला शालिग्रामचा हेवा वाटत होता. आयुष्यभर कुणाला तरी आपला हेवा वाटावा म्हणून जो झुरला त्याला तो मिळाला, आणि तोही न केलेल्या गोष्टीचा. नुसतं हाव म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. हरिओमनं नाही का घेतले दोन गुण, कागदावर बोट ठेवून?

शालिग्रामनं मान हलवायला वर केली आणि त्याच्या तोंडून निघालं, "हरिओमसाठी नाही बे."

"मंग?"

"मले तुहा सात लिहवत नव्हता."

राजकुमारनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला, मग कळलं. आणि मग ते तोंड पडलं. जिलेबीच्या दिवशी जे पाहायला शालिग्राम चपला सरकवून धावला होता, ते आता त्याच्या समोर हातभर अंतरावर होतं, आणि त्याला तिकडे बघवेना. तो कागदाकडे पाहत राहिला. कागदावर १३ होता, मोत्यासारखा.

मंडपवाल्यानं शेवटच्या खुर्च्या टेम्पोत टाकल्या. तिकडे रिंगखाली हरिओम छकुलीला काहीतरी करून दाखवत होता, उजवा हात वर, बोटं पुढे. ती हसत होती. राजकुमार बराच वेळ तिकडे पाहत राहिला.

"हरिओमले सांगजो नको," तो शेवटी म्हणाला. "आन छकुलीले बी. जे लिहिलं ते लिहिलं."

हरिओमचा विचार शालिग्रामच्या मनात अजून आलाच नव्हता. छकुलीचाही नाही, आणि ती त्याची स्वतःची पोरगी. दोघांचाही विचार आधी राजकुमारलाच सुचला. शालिग्रामनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि शिडीचा दुसरा पाय धरला. वर रवी पेंटर त्रेचाळीसमधला तीन वळवत होता. आणि खोटं कशाला बोला, राजकुमारला ते आधी सुचलं, याही गोष्टीचा शालिग्रामला हेवाच वाटला.